तेल घातलेली प्लेट

९ जानेवारी

मॅडमनी आज प्रयोगासाठी कोरी वही दिली आणि म्हणाल्या, "तारीख, नमुन्याचा नंबर, वाढ. बाकी काही लिहायचं नाही." बाकी काही लिहायचं नाही म्हटल्यावर माझी बोटं शिवशिवायला लागली. म्हणून ही दुसरी वही. ही कुणी वाचणार नाही, तेव्हा खाडाखोड चालेल.

मी त्वचापेढीत काम करते. रक्तपेढी म्हटलं की लोक मान डोलावतात, त्वचापेढी म्हटलं की हातातला घास खाली ठेवतात. माणूस गेलं आणि घरचे हो म्हणाले, तर सहा तासांच्या आत आमची माणसं जातात, मांड्यांवरून आणि पाठीवरून कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर काढतात, नीट बँडेज बांधतात आणि माणूस घरच्यांच्या ताब्यात देतात. तो थर ग्लिसरीनमध्ये राहतो आणि कुणी खूप भाजलेलं आलं की त्याच्या अंगावर लागतो. मधल्या काळात माझं काम. प्रत्येक कातडीचा नखाएवढा तुकडा जंतूंचं अन्न भरलेल्या प्लेटवर ठेवायचा आणि वाट बघायची. काही उगवलं तर ती कातडी बाद.

गेल्या महिन्यात वॉर्डातल्या एका रुग्णाला ताप धरला. तोंडाने अन्न जात नव्हतं म्हणून शिरेतून चरबीचं पांढरं द्रावण चालू होतं. त्या नळीत यीस्ट सापडलं. हे यीस्ट बाहेरून कुठून येत नाही. आपल्या सगळ्यांच्या अंगावर ते जन्मभर सुखाने नांदतं, कपाळावर, पाठीवर, कानामागे. डोक्यात कोंडा होतो त्यातही त्याचा हात असतो. धडधाकट माणसाचं ते सहसा काही बिघडवत नाही. पण ज्याचं निम्मं कातडं जळालंय आणि शिरेतून चरबी चाललीय, त्याची गोष्ट वेगळी. मॅडमनी विचारलं, आपल्या कातडीतून तर गेलं नसेल? मी म्हटलं, आपल्याला तर कधी दिसलं नाही. मग माझं मलाच सुचलं की दिसणार कसं, ते तेलावर जगतं आणि आपल्या प्लेटवर तेल नसतं. जेवायला वाढलंच नाही तर पाहुणा बसेल कशाला.

म्हणून आता प्रत्येक नमुन्याची एक जास्तीची प्लेट, वर ऑलिव्ह तेलाचा पातळ हात. कल्पना माझी. तीन महिने करून बघायचं, निकाल फक्त वहीत लिहायचा. कातडी पास की नापास हे तोवर जुन्या प्लेटवरूनच ठरणार.

१३ जानेवारी

आधी हात बसायला हवा म्हणून सगळ्यांच्या कपाळावरून कापसाचे बोळे फिरवले. मॅडम, सफाईवाल्या दोघी, आणि आजोबा. आजोबा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे तंत्रज्ञ. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, नातवंड एकही नाही, पण नाव पडलं ते पडलं. "माझं टक्कल आहे, माझ्याकडे कोण राहायला येणार," म्हणाले. फाटकाशी एक कुत्रं पडून असतं, सारखं कान खाजवतं. त्याच्या कानातलाही बोळा घेतला. कुत्रं शांत होतं, ओरडले ते आजोबा.

२१ जानेवारी

सगळ्यांच्या प्लेटा भरल्या. तेलाखाली मलईच्या रंगाचे बारीक ठिपके. सूक्ष्मदर्शकात बुटक्या बाटल्यांसारख्या पेशी, एकीच्या टोकातून दुसरी फुटलेली. सर्वांत जास्त आजोबांच्या टकलावर. कुत्र्याच्या कानातलं यीस्ट तर बिनतेलाच्या प्लेटवरही उगवलं. जनावरावरची ही जात कमी लाडावलेली.

"घरोघरी मातीच्या चुली," आजोबा म्हणाले. "मग काय बाईसाहेब, आता सगळ्यांनाच बाद करणार?"

मी प्रयोगाच्या वहीत लिहिलं: तेल, ऊब आणि झाकलेली जागा मिळाली की वाढ कितीतरी पट.

घरी आले तर बाबा वाटच बघत होते. अर्धांगाला चौदा महिने झाले. डावी बाजू गेली, बोलणं निम्मं गेलं, पण संध्याकाळी पाठ चोळून घ्यायचं चुकवत नाहीत. मी त्यांना कुशीवर वळवते आणि मानेपासून कमरेपर्यंत कोमट तेल लावते. बाबांनी जन्मभर टाइपरायटर दुरुस्त केले. तेलाचा हात लागला की त्यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर टाइप केल्यासारखी हलतात. मग चादर गुंडाळून टाकायची, गार लागू नये म्हणून. दिवसातला हा अर्धा तास मी कुणाला द्यायची नाही.

२ फेब्रुवारी

घरी येणारी नर्स आज चिडली. "पाठ कोरडी ठेवा म्हणून किती वेळा सांगू? तेल लावता, वर गुंडाळता, मग जखम झाली की मला बोलावता." मी हो हो म्हटलं. जखम एकदाही झालेली नाही, हे तिला कोण सांगणार. आई कोपऱ्यात उगीच टॉवेलाच्या घड्या घालत होती. संध्याकाळी मी तेल लावलंच. बाटली मात्र फार लवकर संपते. आठवड्यात दुसरी आणली.

प्रयोग चांगला चाललाय. अठरा नमुन्यांपैकी पाचांत तुरळक ठिपके. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या नावाने ही पद्धत लागू करू." मी नको नको म्हटलं, पण मनातून उकळ्या फुटत होत्या.

११ फेब्रुवारी

बाबा गेले.

१२ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहून ठेवते, कारण विसरायची भीती वाटते.

सकाळी साडेसातला गेले. आठला दादा पोचला. सव्वाआठला मी मॅडमना फोन केला, म्हणजे आईला विचारायच्या आधी. हे मुद्दाम लिहिते. आईला विचारलं तेव्हा दादा मध्ये पडला. "बाबांना सोलून पाठवायचं? तुझी नोकरी आहे तिथे, म्हणून घरसुद्धा तिथे नेऊन घालणार?" मी त्याला कांद्याचा पापुद्रा सांगितला, बँडेज सांगितलं, चेहऱ्याला हातही लावत नाहीत ते सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आई पलंगाच्या कडेला बसून बाबांची बोटं सरळ करत होती. ती वर न बघता म्हणाली, "हिच्या ऑफिसची माणसं रोज दुसऱ्यांच्या दारात हेच मागतात ना? आपल्या दारात नाही म्हटलं, तर हिने उद्या तिथे कुठल्या तोंडाने बसायचं?" मग मला म्हणाली, "बोलव त्यांना."

मॅडम आल्या, आजोबा आले. नियमाप्रमाणे मला आत थांबता येत नव्हतं. मी आणि आई स्वयंपाकघरात उभ्या होतो. ते यंत्र केस कापायच्या यंत्रासारखं वाजतं. मीही कधीमधी त्यांच्यासोबत जाते, आवाजाची इतकी सवय आहे की मांड्या झाल्या, आता कुशीवर वळवलं, आता पाठ, हे भिंतीआडून कळत होतं. पाठ सुरू झाली तेव्हा आई म्हणाली, "कुणाला तरी लागेल ना गं?"

"लागणार म्हणजे लागणार," मी म्हटलं.

असं आम्ही कुणालाच सांगत नाही. तपासणीत टिकली तर लागेल, असं म्हणायचं आम्हाला शिकवलं आहे.

दुपारी पोचवून आलो. मी रडले नाही. सगळे म्हणाले, खंबीर आहे.

१९ फेब्रुवारी

कामावर रुजू झाले. बाबांचा नंबर ४१७. आठवडाभर ग्लिसरीनमध्ये राहून नमुना आज टेबलावर आला. नातेवाइकाचा नमुना हाताळायचा नसतो, म्हणून साध्या प्लेटा आजोबांनी लावल्या. तेलाची प्लेट मात्र माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, तेल जरा जास्त झालं की सगळं वाहून जातं. मॅडम म्हणाल्या, "प्रयोगापुरतं चालेल. जमेल ना तुला?" जमलं. तुकड्याकडे बघितलं नाही. प्लेटच्या कडेकडे बघत काम उरकलं.

संध्याकाळी घरी आले आणि सवयीने तेल कोमट करायला ठेवलं. आईने गॅस बंद केला.

२४ फेब्रुवारी

वॉर्डात एक बाई आली आहे. मोठ्या लाँड्रीत चादरी दाबायच्या वाफेच्या यंत्रापाशी भाजली. मान, छाती, दोन्ही हात. आम्ही तिला लाँड्रीवाली म्हणतो. फ्रीजमध्ये पास झालेलं फारसं काही उरलं नाही. ज्या कातडीची तपासणी आता संपत आलीय, ती एकच, ४१७.

तिचा नवरा आमच्या खिडकीशी आला होता. कुणीतरी चुकीचा मजला सांगितला असणार, एरवी इथे कुणी येत नाही. डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हणाला, "कातडं इथेच मिळतं ना? आलं का?" मी म्हटलं, "तपासणी चालू आहे." "बरंबरं, तपासा," म्हणाला, आणि तिथेच बाकावर बसून राहिला. दोन तासांनी उठून गेला.

मला चक्क आनंद झाला. बाबांचं कातडं कुणाला जाणार ते मला आता माहीत होतं, तिच्या नवऱ्याची टोपीसुद्धा मी बघितली होती.

२७ फेब्रुवारी

४१७ च्या साध्या प्लेटा स्वच्छ. आजोबांनी लांबूनच अंगठा दाखवला.

मग मी तेलाची प्लेट काढली. ठिपके मोजायची सोयच नव्हती. एकात एक मिसळून सगळी प्लेट पिवळसर झाली होती. आजोबांच्या टकलावर एवढं उगवलं नव्हतं, कुत्र्याच्या कानात नव्हतं. आतापर्यंतच्या तेवीस नमुन्यांत असलं काही मी बघितलेलं नाही. तुकडा कुठला म्हणून लेबल पाहिलं. पाठ.

प्रयोगाची वही उघडली, निकाल लिहायला. जानेवारीतलं पान समोर आलं. तेल, ऊब, झाकलेली जागा. माझंच अक्षर.

चौदा महिने रोज मी माझ्या हाताने त्याला जेवायला घालत होते. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला माहीत नव्हतं म्हणता आलं असतं. मला माहीत होतं. दिवसा टेबलावर माहीत होतं आणि संध्याकाळी घरी माहीत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, प्लेटही मीच शोधून काढली आणि तेलही मीच लावलं.

वहीत अजून काही लिहिलेलं नाही.

२८ फेब्रुवारी

सकाळपासून एकच हिशेब डोक्यात. तेलाच्या प्लेटचा निकाल कातडी पास करताना धरायचा नाही, हे मॅडमनीच ठरवलं आहे. ज्या सहा नमुन्यांत तुरळक ठिपके होते, त्या कातड्या पास झाल्या आणि लागल्यासुद्धा. म्हणजे ४१७ नियमाने पास आहे. मी काही न बोलता गप्प बसले तरी खोटं केलं असं होत नाही. आईला दिलेला शब्द राहतो. त्या माणसाला बाकावर बसावं लागत नाही.

जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात गेले. मी कधी जात नाही. दाराच्या काचेतून लाँड्रीवाली दिसली, म्हणजे बँडेज दिसलं. शेजारी सलाईनच्या दांडीवर दोन बाटल्या होत्या. एकीतलं पाणी नितळ होतं आणि दुसरीतलं पांढरंशुभ्र.

मग मॅडमच्या खोलीत गेले आणि प्लेट त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली.

"जुन्या नियमाने ही पास आहे," त्या म्हणाल्या.

"हो. पण तिला चरबीची पांढरी बाटली चालू आहे."

"तू ही दाखवली नसतीस तर मी विचारलंही नसतं. दुसऱ्या कुणाची असती तरी आली असतीस ना?"

"दुसऱ्या कुणाची असती तर लगेच आले असते. हिला एक दिवस लागला."

त्यांनी कागदावर बाद लिहून सही केली. बाद झालेली कातडी पिवळ्या पिशवीत घालून भट्टीकडे पाठवायची असते. मी फ्रीजमधून बरणी काढली. आजोबांनी माझ्या हातातून ती घेतली आणि म्हणाले, "तुम्ही प्लेटा धुवायला घ्या." ते परत आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि उगीचच माझी टर उडवायला लागले की तेल वाया घालवता म्हणून. मी मनापासून हसले, आणि हसता हसता रडले. सतरा दिवसांनी.

२ मार्च

आईने विचारलं, "झाली का गं तपासणी?"

"झाली."

"लागलं?"

मी चपलेचा बंद सोडत होते. "लागलं," म्हटलं.

"कुणाला?"

"एका बाईला. लाँड्रीत काम करते."

आईने डोळे मिटले. मग म्हणाली, "कष्टाळू आहे म्हणजे. बरं झालं."

एवढ्या बारक्या वाक्याने आईला जेवण गेलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी कशी काय खरं सांगणार होते.

५ मार्च

लाँड्रीवालीला काल दुसरी कातडी मिळाली. फेब्रुवारीच्या मध्यात एक निवृत्त मास्तरीण गेल्या होत्या, त्यांची. तिची तेलाची प्लेट कोरी निघेपर्यंत वाट बघितली, आता मॅडमनी नियमच तसा केला आहे. पण मधल्या पाच दिवसांत डाव्या हाताची जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली.

मॅडमना विचारलं, "माझ्यामुळे?" त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळे असं म्हणता येणार नाही. तुझ्यामुळे नाही असंही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. मीही सही केलीय, विसरू नकोस."

घरी आईने दारातच विचारलं, "कशी आहे आपली लाँड्रीवाली?" आता ती रोज विचारते. आपली म्हणते.

१० मार्च

मॅडमच्या मनात आलं की ज्यांच्या घरी दान झालं आहे त्यांच्यापैकी कुणी कचरणाऱ्या घरांशी फोनवर बोलावं. मला म्हणाल्या, आईंना विचार. त्यांनी सहजच म्हटलं. मी सहजच नाही म्हणू शकले असते. आईला विचारलं तर ती म्हणाली, "बोलेन की. मला काय, खरं तेच सांगायचंय."

आजच पहिला फोन झाला. एक सून होती, सासरे गेले होते. आई खुर्चीत ताठ बसून बोलत होती, इतकी ताठ मी तिला वर्षभरात बघितली नव्हती. "घाबरू नका. आमच्यांची पाठ एका बाईच्या अंगावर आहे. ती जगतेय, म्हणजे तेही थोडे जगतातच म्हणा." त्या घराने हो म्हटलं.

मी एका माणसाला एक खोटं सांगितलं होतं. आता आई ते वाटत सुटली आहे, आणि तिच्या तोंडी ते खरं वाटतं.

१७ मार्च

दुसरा फोन, दुसरा होकार. आजोबा म्हणाले, "तुमच्या मातोश्रींना नेमून टाका, आमची पायपीट वाचेल." सगळे खूश आहेत. माझा चेहरा का उतरलाय असं कुणी विचारलं की मी जागरण झालं म्हणून सांगते.

आज आईने कपाट उघडलं आणि बाबांचे दोन मऊ सदरे काढून, धुऊन, घडी करून पिशवीत ठेवले. म्हणाली, "भाजल्या अंगाला मऊ लागतं. रविवारी भेटायची वेळ किती वाजता असते? मी येणार आहे तिला बघायला. काही बोलणार नाही, नुसतं बघेन. हात लावून देतील का पाठीला?"

२१ मार्च

रविवार. आई पातळ नेसून, पिशवी घेऊन तयार होती. मी म्हटलं, "जरा बस."

सांगितलं. क्रमाने सांगायचं ठरवलं होतं, पण सगळं उलटसुलट आलं. लागलं नाही. बाद झालं. पिवळ्या पिशवीतून गेलं. लाँड्रीवाली आहे, पण तिच्या अंगावर बाबा नाहीत, एक मास्तरीण आहेत. आणि लागलं असतं तरी दोन-तीन आठवड्यांत ते गळून पडतं, खाली स्वतःचं तयार होईपर्यंतच त्याचा उपयोग, हेही मी तुला कधी सांगितलं नाही. तू फोनवर जे सांगतेस त्यातलं काही खरं नाही, आणि तुझा त्यात दोष नाही.

आई म्हणाली, "बाद का झालं? ते तर स्वच्छ होते. रोज पुसत होतो."

मी यीस्ट सांगितलं. सगळ्यांच्या अंगावर असतं, तेलावर वाढतं. "मी रोज संध्याकाळी तेल लावत होते, आई. नर्स नको म्हणत होती तरी. माझ्यामुळे झालं."

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग फार हळू म्हणाली, "दुपारी मी लावायचे. तू कामावर गेलीस की. ते खूण करायचे, बाटलीकडे. तुला सांगू नको म्हणायचे, तुझा हिरमोड होईल म्हणून. तुला वाटायचं ना, की तू लावतेस तेवढंच."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला धजलो नाही. ती उठली आणि आत गेली. सदऱ्यांची पिशवी तिथेच दाराशी राहिली.

२३ मार्च

आई बोलत नाही. रागावली आहे असंही नाही. चहा देते, ताट वाढते, पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवते. काल दादाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता सांगेल, आणि तो म्हणेल, बघ, मी सांगत होतो. तिने त्याला काही सांगितलं नाही. मॅडमना मी कळवलं की आईला आता फोन देऊ नका. का ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अगोदर सांगायला हवं होतंस." बरोबर आहे. माझं काम म्हणजे न दिसणारं शोधून काढणं, आणि घरात मी ते लपवत बसले. मला स्वतःची लाज वाटते.

२७ मार्च

सुट्टीचा दिवस. सकाळी नऊला फोन वाजला. मी उचलला. एक बाई होत्या, आवाज बसलेला. पहाटे नवरा गेला. कुणा सुनेकडून, म्हणजे पहिल्या फोनवाल्या घराकडून, हा नंबर मिळाला होता. "तुमच्या आईंशी बोलायचंय. मुलगे नको म्हणताहेत. त्या बाईंशी बोलून मग ठरवते, म्हटलं." मी म्हणणार होते की आई घरी नाही. पहाटेपासूनचे तास मी मनात मोजले, फार उरले नव्हते.

आईने माझ्या हातातून फोन घेतला. आठवडाभरात पहिल्यांदा माझ्या बोटांना तिची बोटं लागली. ती बसली नाही, उभ्यानेच बोलली. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, आईचं सगळं येत होतं.

"हो, मीच. … नाही हो, त्या सुनेला मी चुकीचं सांगितलं. मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्यांचं कुणाला लागलं नाही. तपासलं आणि टाकून दिलं."

मी भिंतीला टेकले.

"हो. वाईट वाटलं तर. अजून वाटतं. … नाही, खात्री कुणीच देणार नाही तुम्हाला. लागेल किंवा टाकून देतील. आणि लागलं तरी थोडे दिवसच राहतं म्हणे, मग गळून जातं. तेवढ्यात ते माणूस वाचतं. … का द्यायचं, असं विचारता?"

आईने दाराशी अजून तशीच असलेल्या सदऱ्यांच्या पिशवीकडे बघितलं.

"तिथे तपासायला माझी मुलगी बसते," आई म्हणाली. "वडिलांचं कातडं होतं, गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. तिने ते पास केलं नाही. तुमच्या माणसाचं तिच्याच हाताखालून जाईल. म्हणून सांगते, द्या."

मग तिने फोन माझ्यापुढे धरला. "पत्ता सांगताहेत," म्हणाली. "लिहून घे."